वाघोबाशेजारचा डबा

प्रिय पेइ-यू,

दर रविवारी पडद्यावर एकमेकांचं तोंड बघतो, मग हे पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर माझं तोंड आपोआप चालतं. जेवलीस का, मी जेवलो, गुडघा बरा आहे, इथे गारठा आहे, तिकडे ऊन पडलंय का, मियाला खेळू दे, ठेवतो. फोन ठेवल्यावर माझं मलाच कळत नाही, लेकीशी बोललो की रेडिओवरच्या बातम्या दिल्या. पत्रात तसं चालत नाही. चार ओळी झाल्या की खालचा कागद कोरा दिसायला लागतो आणि माणसाला काहीतरी खरं लिहावंच लागतं. शिवाय तुझ्या आईचं चांगलं पेन अजून चालतंय, ते वाळून जायच्या आत वापरलेलं बरं.

आधी बातमी सांगतो. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या भूमीआजोबांच्या देवळातला दिव्यांचा खांब बंद पडला होता, आणि तो एका अंड्याने बंद पाडला. तुला खांब आठवतो ना? आपापल्या माणसाच्या नावाने वर्षभर लावलेले ते बारीक दिवे, एकावर एक रांगा, आणि वरच्या काळ्या पट्टीवर सरकत जाणारी सगळ्यांची नावं. तो खांब चालवणारा कॉम्प्युटर देवाच्या ओट्याखालच्या कोनाड्यात होता, कारण वायरी तिथेच निघतात. आणि त्याच कोनाड्यात आपला वाघोबा, भूमीआजोबांच्या वाहनाची मूर्ती, बसतो. म्हणजे इतकी वर्षं वाघोबा आणि कॉम्प्युटर एका खोलीत भाडेकरूंसारखे राहत होते, आणि कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती. मग एका पौर्णिमेला तुझी च्यू काकू, तीच, कोपऱ्यावर शेवयांचं सूप विकणारी, वाघोबासाठी कच्चं अंडं घेऊन आली. बशी कुणीतरी धुवायला नेली होती. काकूने इकडेतिकडे पाहिलं, तर कॉम्प्युटरचं डोकं सपाट आणि छान कोमट. ठेवलं अंडं त्याच्यावर. ते दुपारपर्यंत तिथे बसलं, मग हळूच घरंगळलं, मागच्या जाळीवर फुटलं आणि आत गेलं. राखणदार फा-दादा म्हणतात, "मला आधी वाटलं, शेजारी कुणी आम्लेट करतंय."

आता खरं तर विषय इथे संपायला हवा होता. पण च्यू काकू कुणाचं ऐकून घेते का? ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या अंड्याला नावं ठेवू नका. आधी त्या कुरकुऱ्यांच्या पुडीची तारीख वाचा." यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्याजवळ हिरवी पुडी ठेवलेली असते, ती फा-दादांनी उलटून पाहिली, तर तारीख उन्हाळ्यातच उलटून गेलेली. झालं. निम्मी गल्ली काकूच्या बाजूने. "शिळा खाऊ दिल्यावर कोण शहाण्यासारखं वागेल?" फा-दादांनी पुडी पाठीमागे लपवली. आणि तुला म्हणून सांगतो, आयुष्यभर बोर्ड दुरुस्त केलेला मी, आत अंड्याचा पिवळा बलक समोर दिसत असताना, मनातून काकूच्याच बाजूचा होतो. मी पाठवलेल्या हिरव्या पुड्या तू तिथे कारखान्यात यंत्रांवर ठेवतेस ना? की मिया फोडून खाते? खाल्ल्या असतील तर मला सांगू नकोस.

देवळाच्या पंचांनी एक माणूस बोलावला. तो चकाचक शर्टातला, त्याने कोनाड्यात डोकावलं आणि म्हणाला, खांब चालवणारं आतलं कार्ड जुन्या खाचेत बसणारं आहे, आजकालच्या कॉम्प्युटरला ती खाचच नसते, खांब बनवणाऱ्यांचं दुकान कधीच बंद झालंय, तेव्हा हा खांब काढा आणि नवा घ्या. तो खोटं बोलत नव्हता. पण नव्या वर्षाचे दिवे लावायचे दिवस जवळ आले होते, आणि लोक येऊन अंधाऱ्या खांबाकडे बघून जात होते. मग एका सकाळी फा-दादा आपले चार जिने चढून वर आले. ऐंशी उलटली त्यांची. शेवटच्या पायरीवरच बसले, धापा टाकत होते, आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "अरे कुन, तुझ्या पलंगाखालचं भंगार जिवंत आहे का सगळं मेलं?"

पलंगाखालचं भंगार म्हटल्यावर मला तूच आठवलीस. गेल्या वसंतात थडगी झाडायच्या सणाला तू एकटी आली होतीस. आईच्या अस्थींना फुलं वाहून आलो आणि दुसऱ्या दिवशी, निघायच्या आधी बॅग भरता भरता, तू घर आवरायला काढलंस. पलंगाखालची खोकी बाहेर ओढलीस, शिंकलीस, आणि म्हणालीस, "बाबा, हे सगळं फेका आता. आणि आमच्याकडे चला ना, कायमचे." मी हसलो. म्हटलं, "तिकडे वाळवंटात मी काय वाळू चाळत बसू?" तूही हसलीस. बॅगेची चेन लावलीस. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. असो. भंगारावरून आठवलं, म्हणून लिहिलं.

तर मी खोकी पुन्हा ओढली. अडचण अशी होती की कोनाड्यातला जुना कॉम्प्युटर मोठा होता, पण तो बसवला तेव्हा वाघोबा एकटा होता. नंतर कुणी नवस फेडायला आणखी दोन छोटे वाघ आणून ठेवले, कुणी दगडी पाण्याचं भांडं. आता जे काही ठेवायचं ते फार तर एखाद्या जेवणाच्या डब्याएवढं, आणि तरी त्याला ती जुनी खाच हवी. मला एक बोर्ड आठवत होता. कारखान्यात नमुना म्हणून आलेला, चौकोनी, वीतभरही नाही असा, आणि त्याच्यावर जुनी पांढरी खाच एकच. तो आला तेव्हा आम्ही सगळे दुरुस्तीवाले त्याला हसलो होतो. एवढ्याशा पाटीवर कोण काम करणार म्हणून. तो सापडला तळाशी, तुझ्या शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला. स्वेटर मी ठेवलाय.

त्या बोर्डावरचे चार कपॅसिटर डोकं फुगवून बसले होते. त्या काळातल्या बोर्डांना ती खोडच होती. ते काढले आणि दुसऱ्या एका मेलेल्या बोर्डावरचे धडके काढून लावले. हे लिहायला सोपं आहे. हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, पेइ-यू. सोल्डरिंगचं टोक टेकवताना मी श्वास धरतो, आणि मनगटाखाली तुझ्या आईची टाचण्या खोचायची उशी घेतो. टाचण्या काढून ठेवल्या आहेत, काळजी करू नकोस. रॅम तुझ्या कॉलेजच्या लॅपटॉपची. त्याच्यावर तू सोयाबीनचं दूध सांडलं होतंस आणि कुणालाही न सांगता केस वाळवायच्या यंत्राने वाळवत बसली होतीस, तो. स्क्रीन गेला, बटणं गेली, पण रॅम ठणठणीत निघाली. वीज त्याच लॅपटॉपच्या चार्जरची, मध्ये एक बोटाएवढी पाटी बसवली की भागतं. पंखा कुठल्या मशीनचा ते आता सांगता येणार नाही, घरघर करत होता, आईच्या शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला आणि गप्प झाला. नावं साठवलेली डिस्क मात्र देवळातलीच. अंडं तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

राहिलं घर. एवढं सगळं कशात बसवायचं? दुकानात छोट्या पेट्या मिळतात, पण त्या नव्या बोर्डांच्या मापाच्या, वर उभं राहणारं कार्ड आत मावत नाही. दोन दिवस मी घरातली प्रत्येक डबी मोजत फिरलो. चहाची, औषधांची, तांदळाची. शेवटी कपाटाच्या वरून तुझ्या साखरपुड्याच्या खाऊचा लाल डबा काढला. वाटून झाल्यावर एक उरला होता, आईने हिशेबात चूक केली म्हणून मी तिला चिडवलं होतं, आणि ती म्हणाली होती, "चुकले नाही. एक मला." त्यात ती बटणं ठेवायची. बटणं मी एका बरणीत ओतली. पत्र्याला बोर्ड टेकला तर संपलंच, म्हणून तळाशी स्वयंपाकघरातली जुनी प्लास्टिकची भाजी चिरायची फळी कापून बसवली. झाकणावर सोनेरी पक्षी आहे, त्याच्या पिसाऱ्याच्या रेघांवरूनच हवेसाठी भोकं पाडली, म्हणजे ती भोकं वाटत नाहीत. कार्ड आडवं घातलं, मधे वायरीची एक पट्टी देऊन. डब्याचं झाकण लागलं तेव्हा मला माझाच हेवा वाटला.

तेवढे दिवस घरात नुसती वर्दळ होती. फा-दादा रोज सकाळी वर येत. "काय म्हणतो पेशंट?" म्हणून खुर्ची ओढून बसत, आणि मी काय करतोय ते न कळता तासभर मान डोलवत. च्यू काकू दुपारी सूप आणायची. वाडगा टेबलावर आपटून म्हणायची, "घे. यात अंडं नाही. नाहीतर हेही माझ्या नावावर लावाल." एक दिवस तिने मुळ्याची वडी आणली आणि म्हणाली, "तुझ्या बायकोसारखी नाही जमली, तोंड वाकडं न करता खा." मी तोंड वाकडं केलं. तिने वाडगा परत न्यायला धरला, मी सोडला नाही, आणि फा-दादा हसता हसता खोकायला लागले. गल्लीतले आणखी दोघंतिघं डोकावून गेले. कुणी आपला बंद रेडिओ घेऊन आलं, कुणी नुसतंच.

आता हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं, ते लिहितो. त्याच्या आधी कित्येक दिवस माझ्या दाराची घंटा फक्त मीटर वाचणाऱ्याने वाजवली होती. चार जिने चढून कोण येणार? आईला जाऊन चार वर्षं झाली, पहिल्या वर्षी लोक येत होते, मग त्यांचेही गुडघे गेले. दुकानात गेलो की गल्ल्यावरची मुलगी विचारते, पिशवी हवी का. मी म्हणतो, नको. कित्येक दिवस दिवसभरात माझं बोलणं एवढंच होतं. रविवारी तुझा फोन यायच्या आधी मी घसा साफ करून ठेवतो, नाहीतर पहिला शब्द फुटत नाही आणि तुला वाटतं मी आजारी आहे.

जुन्या डिस्कला नवा बोर्ड ओळखू येईना. निळा पडदा दाखवून रुसून बसायची. तीन-चार दिवस तिची समजूत घालण्यात गेले. मग एका दुपारी, सगळं जोडून, झाकण न लावता बटण दाबलं. पंखा फिरला. आणि टुक. एकदाच, बारीक. तुला ठाऊक आहे, एक टुक म्हणजे बोर्ड बरा आहे. तू अभ्यास करायचीस त्याच टेबलावर मी कारखान्यातून आणलेले बोर्ड लावायचो आणि आवाज झाला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "बोललं का?" मी म्हणायचो, "बोललं." मग ती वाढायला घ्यायची. त्या दुपारी टुक झालं आणि कुणी विचारलं नाही. मी थोडा वेळ थांबलो. खरंच थांबलो. मग मीच मोठ्याने म्हणालो, "बोललं."

डिस्क सुरू झाली. लहान पडद्यावर नावं सरकायला लागली. आणि मी काय केलं असेल? वायर काढली, रॅम काढली, पंखा सोडवला आणि सगळं परत टेबलावर पसरून ठेवलं. काम झालं असतं तर डबा खाली गेला असता. डबा खाली गेला असता तर उद्या सकाळी फा-दादा कशाला वर आले असते? च्यू काकूने सूप कुणासाठी आणलं असतं? मला थोडीही लाज वाटली नाही. हाताला घाई मात्र झाली होती, कारण जिन्यात काठीचा आवाज आला.

फा-दादा आत आले, पसारा बघितला. मी म्हटलं, "डिस्क अजून रुसलीय. आणखी चार दिवस लागतील." ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "लागू देत. वाघोबाला अंधारात दिसतं." जाताना दारात वळले. "मी तिसऱ्या माळ्यावर दम खायला थांबलो होतो, कुन. तिथे ऐकू येतं. ते बोललं तेही ऐकलं, आणि तू बोललास तेही." माझे कान तापले. ते म्हणाले, "उद्या मी येणारच आहे. झालं तरी येईन. फक्त नवीन वर्ष चुकवू नकोस."

दोन दिवसांनी मी डबा खाली घेऊन गेलो. आता वाघोबाच्या कोनाड्यात नवीन काही ठेवायचं म्हणजे त्याला विचारायला हवं. फा-दादांनी कौलाचे दोन लाकडी तुकडे, पोटाकडून सपाट आणि पाठीकडून फुगीर, हातात दिले. एक उताणा एक पालथा पडला तर हो, दोन्ही पालथे पडले तर नाही, आणि दोन्ही उताणे पडले की पाठीवर डुलत राहतात, म्हणजे देव हसला. मी गुडघे टेकून विचारलं, "हा डबा इथे ठेवू का?" टाकले. दोन्ही उताणे, डुलताहेत. पुन्हा टाकले. पुन्हा हसला. च्यू काकू मागून म्हणाली, "डबा लग्नाचा आहे म्हणून हसत असेल." मी डबा उचलला आणि उठायला लागलो. म्हटलं, नको असेल त्याला. फा-दादांनी काठी आडवी घातली. "निघालास कुठे? तो नाही म्हणाला का? हसला म्हणजे तुझा प्रश्न धड नाही. कोण तू, राहतोस कुठे, डब्यात काय आहे, कशासाठी, किती दिवस, काही सांगितलंस? नुसतं ठेवू का म्हणजे काय? मनापासून विचारतोयस की विचारायचं म्हणून विचारतोयस, ते त्याला कळायला नको? तुझ्या पोरीला जास्त कळत होतं."

मग त्यांनीच सगळ्यांना तुझी गोष्ट सांगितली. तू सात-आठ वर्षांची असशील. कुत्रा पाळू का म्हणून भूमीआजोबांना विचारायला आली होतीस, आम्हाला न सांगता. देव हसत राहिला आणि तू विचारत राहिलीस. तांबडा कुत्रा, कान पडलेला, नूडल कारखान्यामागे राहतो तो, मी रोज फिरवीन, बाबांच्या वायरी चावू देणार नाही, असं एकेक सांगत गेलीस. सबंध दुपार. फा-दादा म्हणाले, "शेवटी देव दमला." आणि तो कुत्रा आला, आणि त्याने माझ्या सगळ्या वायरी चावल्या. ते ऐकून मीही नीट विचारलं. मी कुन, चौथ्या माळ्यावर एकटा राहतो, आधी बोर्ड दुरुस्त करायचो, हा माझ्या लेकीच्या साखरपुड्याचा डबा आहे, यात गल्लीतल्या सगळ्यांची नावं आहेत, आवाज करणार नाही, ऊब देईल. लागोपाठ तीन वेळा हो आला.

डबा आता वाघोबाच्या उजव्या हाताला बसलाय. वर ताजी हिरवी पुडी आहे आणि काकूने अंड्यासाठी काठ असलेली खोल बशी आणलीय. वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे जमले, फा-दादांनी बटण दाबलं, खांब खालून वर उजळत गेला आणि नावं सरकायला लागली. तुझं नाव गेलं, जावईबापूंचं गेलं, मियाचं गेलं. लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. मग सगळे आपापल्या घरी जेवायला गेले, कारण त्या दिवशी सगळ्यांची मुलं आलेली असतात. फा-दादांनी बोलावलं होतं त्यांच्याकडे. मी म्हटलं, लेकीचा फोन यायचाय. तुझा फोन आला, तेव्हा मी तुला काय सांगितलं? इथे गार आहे, मी जेवलो.

त्याच संध्याकाळी, खांबासमोर, फा-दादांनी सहज विचारलं होतं, "तुझ्या दिव्याला पत्ता कुठला लावू रे, इथला की तिकडचा? देवाला यंदा तुला कुठे शोधायचं ते कळलं पाहिजे." मी म्हटलं, सांगतो नंतर. माझ्या दिव्याखालची पट्टी अजून कोरी आहे, आणि या पत्राचं कारण तेवढंच आहे. त्या दिवशी तू बॅग भरताना विचारलंस तेव्हा मी हसलो, कारण मला घाबरायला झालं. तू मनापासून विचारतेयस की एकट्या बापाला विचारायची रीत आहे म्हणून विचारतेयस, ते मला कळेना. तिकडे राहून तुला सवय झाली असेल की माणूस नाही म्हणाला की नाहीच म्हणाला. पण मी नाही कुठे म्हणालो, पेइ-यू? मी हसलो. कुत्र्यासाठी तू सबंध दुपार देवासमोर बसली होतीस, आणि मला एकदाच विचारलंस. आता वसंतात येशील तेव्हा पुन्हा विचार. पण नीट विचार. मी कुठल्या खोलीत झोपायचं, खिडकीतून काय दिसतं, तुम्ही दोघं कामावर गेलात की मी दिवसभर काय करायचं, सोल्डरिंगला एक टेबल मिळेल का, जावईबापूंना चालेल का, मियाला आपला आजोबा, तिचा आगोंग, घरात हवा आहे का नुसता पडद्यावर. सगळं सांग आणि मग विचार. कदाचित मी नाही म्हणेन, इथला पत्ता लावीन, आणि तेही आपण दोघं सोसू. पण मी पुन्हा नुसता हसलो, तर एवढं कर, बॅगेची चेन लावू नकोस.

तुझाच,
बाबा